योत्याओ आतून पोकळ का होत नाही?

तुम्ही विचारलंय की, सिंगापूरला राहत असताना सकाळी पेजेबरोबर खाल्लेला ‘यू चार क्वे’ (मैद्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून तेलात तळलेली लांब, पोकळ काठी) पुण्यात घरी करून बघितला, पण तो बाहेरून कडक आणि आतून गच्च होतो. कधी दोन्ही पट्ट्या तेलात सुटून वेगवेगळ्या तरंगतात. शिवाय काही पाककृतींत तुरटी सांगितलेली असते, ती घालावी का? मी बरीच वर्षं हॉटेलच्या चिनी स्वयंपाकघरात सकाळच्या पाळीला हा पदार्थ तळला आहे, आणि घरीही करतो. म्हणून जरा सविस्तरच लिहितो. चीनमध्ये याला योत्याओ म्हणतात, तेच नाव पुढे वापरतो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. योत्याओ फुगतो तो तेलात, पहिल्या वीस-तीस सेकंदांत. पीठ भिजवणं, मुरवणं, कापणं, दाबणं, ओढणं हे सगळं त्या वीस-तीस सेकंदांची तयारी असते. त्या वेळी पीठ अडथळा न करता ताणलं गेलं तर पोकळी होते, नाही ताणलं गेलं तर काहीही करा, आतून गच्चच राहतं. तुमच्या तक्रारींपैकी पहिल्या दोन्ही इथूनच सुटतात.

दोन पट्ट्या एकावर एक का ठेवतात, तेही यातच आहे. पिठाची एकच पट्टी तेलात सोडली तर तिच्या चारही बाजूंना तेल लागतं, काही क्षणांत सगळीकडून कवच धरतं आणि आतल्या वाफेला जागाच उरत नाही. दोन पट्ट्या मधोमध चिकटवल्या की ज्या बाजू एकमेकींना टेकलेल्या असतात तिथे तेल पोहोचत नाही. तो भाग ओला, मऊ राहतो. वाफ आणि सोड्याचा वायू तिथून ढकलत राहतात, पट्ट्या एकमेकींपासून दूर फुलत जातात, आणि मध्ये जिथे दाबलंय तिथे मात्र धरून राहतात. म्हणून चांगल्या योत्याओचा आडवा काप घेतला तर दोन मोठ्या पोकळ्या आणि मध्ये एक बारीक सांधा दिसतो. हांगचौमध्ये या जोडीची गोष्ट सांगतात: सेनापती यूए फेई याला खोट्या आरोपाखाली 1142 मध्ये मारण्यात आलं, आणि लोकांनी राग काढायला त्या कटातला मंत्री छिन ह्वेई आणि त्याची बायको अशा दोन पिठाच्या बाहुल्या जोडून तेलात तळल्या. ही दंतकथाच आहे. पण वेस्ट लेकच्या काठावर यूए फेईच्या मंदिरात त्या नवराबायकोचे गुडघे टेकलेले लोखंडी पुतळे खरोखर आहेत, आणि त्याच शहरात योत्याओ व कांद्याची पात पातळ पोळीत गुंडाळून तव्यावर दाबून भाजतात, त्या खाण्याच्या नावातही छिन ह्वेई आहे.

आता पीठ. आपल्याकडच्या हाताला पुरीची घट्ट कणीक ठाऊक असते, आणि तीच सवय इथे नडते. पुरी पातळ लाटलेली असते, तिची वाफ दोन पापुद्र्यांत लगेच भरते. इथे जाड पट्टी ताणून दुप्पट-तिप्पट व्हायची असते, त्यामुळे पीठ सैल हवं. इतकं सैल की बोट लावलं तर किंचित चिकटावं, पण तेलाचा हात लावला की सुटावं.

माझं प्रमाण असं: मैदा 300 ग्रॅम, एक अंडं (साधारण 50 ग्रॅम), कोमट पाणी किंवा दूध 135 ते 140 ग्रॅम, तेल 15 ग्रॅम, मीठ 5 ग्रॅम, बेकिंग पावडर 6 ग्रॅम, खाण्याचा सोडा 2 ग्रॅम. यात साधारण दहा योत्याओ होतात. सोडा आणि बेकिंग पावडर वजनानेच घ्या. चमच्याने मोजताना सोडा सहज दीडपट पडतो, आणि जास्त सोड्याने पिठाला साबणासारखी चव येते, वर रंगही फार लवकर चढतो, म्हणजे आत फुलायच्या आधीच बाहेरून काढावा लागतो. अंडं खात नसाल तर निःशंक वगळा, त्याऐवजी 40 ग्रॅम पाणी वाढवा. जुन्या पारंपरिक पद्धतीत अंडं नसतंच. अंड्याने रंग चांगला येतो आणि कुरकुरीतपणा थोडा जास्त वेळ टिकतो, एवढाच फरक.

मैद्याच्या पाकिटावर प्रथिनांचा आकडा बघा. 100 ग्रॅमला 11 ते 12 ग्रॅम असेल तर उत्तम. 9 च्या आसपासचा मैदा केक-बिस्किटांना चांगला, इथे तो ताणताना तुटतो. मैदा नवा आणला की पाणी एकदम सगळं घालू नका, शेवटचे 20 ग्रॅम हातात ठेवून अंदाज घ्या, कारण प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही.

भिजवताना तिंबायचं नाही, हे मी हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत असे. सगळं एकत्र करून कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकून 20 मिनिटं ठेवा. मग मुठीला तेल लावून परातीतलं पीठ मुठीने दाबत पसरा, कडा उचलून मध्ये घडी घाला, पुन्हा दाबा, पुन्हा घडी. सात-आठ घड्या झाल्या की पुन्हा 20 मिनिटं झाकून ठेवा. असं एकूण तीन वेळा. तिसऱ्या वेळी पीठ गुळगुळीत आणि मऊ झालेलं हाताला कळतं. मळत राहिलात तर ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) घट्ट होतं आणि पीठ रबरासारखं मागे खेचतं. दाबून घड्या घातल्या की ताकदही येते आणि ताणही राहतो. चीनमधले जुने कारागीर असंच मुठीने दाबत पीठ बनवतात.

शेवटी हातावर तेल घेऊन पिठाचा लांबट, चपटा उंडा करा, साधारण 10 सेंटिमीटर रुंद. याच वेळी आकार द्या, कारण मुरल्यानंतर त्याला शक्यतो हात लावायचा नसतो. वरून तेल चोळून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. मुंबईच्या उकाड्यात दोन तास पुरतात, पुण्याच्या हिवाळ्यात तीन ते चार. सकाळी नाश्त्याला हवं असेल तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, पण तळायच्या आधी दोन तास बाहेर काढा. थंड पीठ ताणलं जात नाही, वर तेलही गार करतं. तुमचं पीठ आतून गच्च राहतंय त्यात या मुरण्याचा वाटा मोठा असणार. अर्ध्या तासात पीठ नुसतं भिजलेलं असतं, सैलावलेलं नसतं. तपासायचं कसं? उंड्याचं एक टोक उचलून हलकं ओढा. ते लांब होऊन तसंच राहिलं तर तयार. परत आखडलं तर आणखी तासभर थांबा. घड्याळापेक्षा यावर विश्वास ठेवा.

तुरटीचा प्रश्न. जुन्या पद्धतीत योत्याओ फुगायचा तो तुरटी आणि धुण्याच्या सोड्याच्या (सोडियम कार्बोनेट) जोडीवर. दोघांची ओल्या पिठात गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मागे उरतं. जुन्या माणसांना त्या योत्याओचा ठिसूळ कुरकुरीतपणा अजून आठवतो आणि तो खरोखर चांगला असतो, हे मान्य करतो. पण मागे राहिलेलं ॲल्युमिनियम पोटात जातं. चीनच्या अन्नसुरक्षा मानकात तळलेल्या पिठाच्या पदार्थांत ॲल्युमिनियमचा अंश कोरड्या वजनाच्या किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. 2014 पासून तर तिथे मांटोसारख्या (चिनी वाफवलेला पाव) पदार्थांत तुरटी बंदच केली, तळणीला मर्यादेत सूट ठेवली.

आता घरचा हिशोब करू. अर्धा किलो मैद्याला 10 ग्रॅम तुरटी हे जुन्या पद्धतीतलं साधं प्रमाण. पोटॅश तुरटीत वजनाच्या जेमतेम पावणेसहा टक्के ॲल्युमिनियम असतं, म्हणजे 10 ग्रॅममध्ये सुमारे 570 मिलिग्रॅम. किलोभर मैद्यामागे ते 1100 च्या वर जातं, त्या मर्यादेच्या दहापटीच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 2 मिलिग्रॅम ठरवली. 60 किलोच्या माणसाला ते 120 मिलिग्रॅम होतं. तीस ग्रॅम मैद्याचा एक योत्याओ धरला तर असे साडेतीन खाल्ले की आठवड्याचा वाटा संपला, आणि मुलांचा तर त्याहून लवकर. त्यामुळे माझं उत्तर स्वच्छ आहे: घालू नका. पाण्यात फिरवायची किंवा दाढीनंतर लावायची तुरटी तर मुळीच नको, ती खाण्यासाठी बनवलेली नसते.

बेकिंग पावडर घेतानाही डबा उलटून वाचा. घटकांत 521 किंवा 541 हे क्रमांक असतील तर तिच्यातही ॲल्युमिनियमचे क्षार आहेत. 450 आणि 500 असतील तर ती ॲल्युमिनियमविरहित, तीच घ्या. 450 हा आम्लधर्मी फॉस्फेट थंड पिठात हळू काम करतो आणि उष्णता लागली की जोर धरतो, म्हणून रात्रभर मुरलेल्या पिठातही तेलात पडल्यावर पुरेसा वायू शिल्लक राहतो.

बेकरीत वापरतात तो अमोनिया (अमोनियम बायकार्बोनेट) काही व्यावसायिक घालतात. त्याने पोकळी छान होते आणि पातळ पदार्थातून अमोनिया उडूनही जातो. पण तळताना बंद स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतात. घरी मला तो आवश्यक वाटत नाही. यीस्टचंही तसंच: चव चांगली येते, पण जाळी बारीक, पावासारखी पडते. तुम्हाला पोकळ हवा आहे, म्हणून यीस्ट नको.

आता कापणं, जिथे पट्ट्या सुटण्याचा उलगडा आहे.

ओट्यावर तेल किंवा अगदी थोडा मैदा भुरभुरा. उंडा उलगडून हलक्या हाताने दाबत आणि लागलं तरच लाटणं फिरवत 10 सेंटिमीटर रुंद, 6 ते 7 मिलिमीटर जाड पट्टा करा. या प्रमाणाचा पट्टा साधारण 60 सेंटिमीटर लांब होतो. ओटा लहान असेल तर दोन भागांत करा. 10 मिनिटं झाकून ठेवा. मग धारदार सुरीने 3 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, सुरी सरळ खाली दाबून, करवतीसारखी न चालवता. कापलेल्या कडा बोटांनी दाबू नका, त्यांना मैदाही लावू नका. फुलताना पीठ त्या कडांतूनच उघडतं, त्या बुजल्या तर फुगणं तिथेच थांबतं.

एका पट्टीवरचा जादा मैदा झटका आणि लांबीच्या मधोमध ओल्या काडीने पाण्याची एक बारीक रेघ ओढा. तिच्यावर दुसरी पट्टी ठेवा. मग तेल लावलेली चॉपस्टिक, किंवा विणकामाची जाड स्वच्छ सुई, लांबीच्या दिशेने मधोमध ठेवून एकदाच ठाम दाबा, खालच्या ओट्यापासून दोनेक मिलिमीटर उरेपर्यंत. तुमच्या पट्ट्या सुटतात कारण एकतर मधला मैदा झटकला जात नाही, नाहीतर दाब अर्धवट पडतो. उलट सगळीकडून तळव्याने दाबल्या तर दोन्ही एकजीव होतात आणि मग दोन पट्ट्या घेण्याचा उपयोगच राहत नाही. चिकटायला हवी फक्त मधली रेघ. जोड्या तयार झाल्या की पाच-दहा मिनिटं कापडाखाली विसावू द्या.

तेल कढईत किमान 6 सेंटिमीटर खोल हवं. रिफाइंड सूर्यफूल, राइस ब्रॅन, शेंगदाणा, कोणतंही चालतं. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास मला इथे आवडतो, पण तो वर चढतो हे लक्षात ठेवा. तापमान 190 ते 200 अंश सेल्सिअस. थर्मामीटर घ्याच, हा पदार्थ करणार असाल तर तो खर्च वाया जात नाही. नसेल तर पिठाचा शेंगदाण्याएवढा गोळा टाकून बघा: दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसकट वर यायला हवा. तळाशी रेंगाळला तर तेल गार आहे. 170 अंशांच्या तेलात योत्याओ फुगण्याआधी तेल पितो आणि जड होतो. घरच्या गॅसवर बहुतेकांचं इथेच बिघडतं, कारण एका वेळी चार-पाच सोडले की तेल झटकन 20-30 अंशांनी उतरतं. दोनच सोडा, आणि पुढची जोडी टाकण्याआधी तेल पुन्हा चढू द्या.

जोडीची दोन्ही टोकं चिमटीत धरून हलकेच ओढा. 10 सेंटिमीटरची 18 ते 20 व्हावी. कढई मोठी असेल तर 25 पर्यंत जा. टोकं जरा दाबून घ्या म्हणजे तिथून उघडणार नाहीत. आता आधी मधला भाग तेलाला लावा, एक क्षण थांबा, मग दोन्ही टोकं सोडा. हात तेलापासून दूर राहतो आणि काठी सरळ राहते.

सोडल्यावर चॉपस्टिक किंवा चिमट्याने तिला सतत फिरवत राहा, अगदी न थांबता. जी बाजू तेलात राहते ती आधी कडक होते. फिरवत राहिलं तर दोन्ही बाजूंचं कवच उशिरा धरतं आणि दोन्हीकडे सारखं फुलतं. तळणारा माणूस नजर काढत नाही तो यासाठीच. तीस सेकंदांत ती दुप्पट जाड दिसायला लागते. नंतर अर्धा-पाऊण मिनिट जरा सावकाश फिरवली तरी चालते. एकूण दीड ते दोन मिनिटांत मधासारखा सोनेरी रंग येतो. जाळीवर उभा करून निथळा. कागदावर आडवा टाकला तर खालची बाजू वाफेने मऊ पडते.

पहिली जोडी तळली की लगेच मोडून बघा, आणि बाकीच्या त्यावरून सुधारा. पोकळी आहे पण रंग फिका आणि तेलकट: तेल गार. रंग गडद आणि आत ओलं: तेल जास्त तापलंय किंवा सोडा जास्त. ओढताना पट्टी आखडते: पीठ मुरलेलं नाही, उरलेल्या जोड्या आणखी अर्धा तास झाकून ठेवा, त्यानेही बराच फरक पडतो. ओढताना मध्येच तुटते: मैदा दुबळा आहे किंवा लाटताना कोरडं पीठ फार लावलं.

खाण्याबद्दल थोडं, कारण नुसता योत्याओ हा निम्मा नाश्ता आहे. उत्तर चीनमध्ये तो गरम सोयादुधात बुडवून खातात. शांघायच्या जुन्या नाश्त्यात भाजलेली जाड रोटी, योत्याओ, चिकट भात आणि सोयादूध ही चौकडी ठरलेली. तिथे योत्याओभोवती वाफवलेला चिकट भात थापून त्याचा गोळाही करतात. थ्येनचिनमध्ये मुगाच्या पिठाच्या पातळ धिरड्यात अंड्यासकट गुंडाळतात. क्वांगतुंगमध्ये तो तांदळाच्या वाफवलेल्या पातळ पापुद्र्यात गुंडाळून वर सोया सॉस घालतात, शिवाय पेजेवर तुकडे असतातच. चिनी स्थलांतरितांबरोबर तो आग्नेय आशियाभर गेला: थायलंडमध्ये कंडेन्स्ड मिल्कबरोबर, व्हिएतनाममध्ये फो या नूडल्सच्या रश्श्यात, म्यानमारच्या चहाच्या दुकानांत चहाबरोबर, आणि तुम्ही राहिलात तिथे पेजेबरोबर नाहीतर डुकराच्या हाडांच्या बाक कुट तेह या रश्श्याबरोबर.

सोयादूध घरी कराच. सोयाबीन आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात अमाप पिकतं, ताजं मिळतं. 100 ग्रॅम दाणे आठ-दहा तास भिजवा, एक लिटर पाण्याबरोबर बारीक वाटून कापडातून पिळून घ्या. मग उकळा, आणि इथे एक सावधगिरी: खरी उकळी येण्याच्या आधीच प्रचंड फेस वर चढतो आणि झालं असं वाटतं. गॅस मंद करून फेस बसवा आणि खरी उकळी आल्यावर पूर्ण 10 मिनिटं उकळू द्या. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते पुरेशा उकळीशिवाय जात नाहीत, आणि पोटात मळमळ होते. खारी तऱ्हा हवी असेल तर वाडग्यात चमचाभर व्हिनेगर, थोडा सोया सॉस, चिरलेली कांद्याची पात आणि योत्याओचे तुकडे घालून वरून उकळतं सोयादूध ओता. ते हलकं फाटून गुठळ्या धरतं, तसंच हवं असतं.

योत्याओ तळल्यावर तासाभरात खाल्ला तर उत्तम. उरलाच तर 200 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं किंवा एअर फ्रायरमध्ये 180 वर तेवढाच वेळ ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो, तिथे नेऊ नका. एकदम जास्त करून ठेवायचे असतील तर फिकट सोनेरी रंगावरच काढा, पूर्ण गार करून पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका, आणि खायच्या वेळी गोठलेलेच 190 अंशांच्या तेलात अर्धा मिनिट परता. पेजेत किंवा रश्श्यात घालणार असाल तर आदल्या दिवशीचा, पुन्हा कडक भाजलेला योत्याओ ताज्यापेक्षाही बरा, रस शोषूनही लवकर विरघळत नाही.